फ्लॉपीचा सातबारा

ज्यांच्या घरी बिघाभर का होईना शेती आहे, त्यांना सातबारा म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन एका कागदावर येतात म्हणून सातबारा. वरच्या भागात गट नंबर, क्षेत्र किती हेक्टर किती आर, त्यात पोटखराब किती (म्हणजे ज्यात काही पेरता येत नाही ती जागा), खातेदार कोण, बोजा कुणाचा. खालच्या भागात पीक कोणतं. गंमत अशी, की ह्या कागदावर एक दाणाही उगवत नाही. पण कागद नसेल तर उगवलेल्या दाण्याला ऑफिसात कुणी विचारत नाही.

आमच्या सुरगाणा तालुक्यात हे फार जवळून बघायला मिळतं. नाशिकहून दिंडोरी, वणी करत बोरगावला यायचं, तिथे सापुताऱ्याचा रस्ता सोडून आत वळायचं, की आमचा मुलूख सुरू. १९४८ पर्यंत छोटंसं संस्थान होतं, आता गुजरातला चिकटलेला तालुका आहे. डोंगर, नागली, वरई, भात, आणि पाऊस असा की जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. कित्येक घरं पिढ्यानपिढ्या जंगलजमीन कसत आली, पण नावावर कागद नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कुठे दावे दाखल झाले, आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला जो पायी मोर्चा गेला त्यात आमच्याकडचे बरेच लोक ह्याच कागदासाठी चालले. जमीन समोर आहे, तिच्यात नागली उभी आहे, पण रेकॉर्डला विचारलं तर तिथे काही नाही.

मित्रांनो, फ्लॉपीचं अगदी हेच आहे. हे मला पुस्तकातून नाही, दादांच्या पत्र्याच्या पेटीतून कळलं.

दादा म्हणजे माझे वडील. सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते, आता रिटायर झालेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तीन फ्लॉप्या, साडेतीन इंची, काळ्या. लेबलवर निळ्या शाईने १, २, ३. म्हणाले, "आजोबांची कथा आहे ह्यात. तू कॉम्प्युटरला आहेस ना? बघ निघते का."

कथेबद्दल सांगायला हवं. आमचे आजोबा थाळीवर कथा सांगायचे. काशाच्या थाळीत मधोमध मेण लावायचं, त्यात एक काडी उभी करायची आणि ती बोटांनी ओढत राहायची. थाळीतून एक घुमणारा सूर निघतो, त्या सुरावर कथा. रात्री सुरू झाली की पहाटेपर्यंत. आजोबांची खास कथा कनसरीची, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीची. दादांनी दोन सुट्ट्या आजोबांसमोर बसून ती तीन वह्यांमध्ये उतरवून घेतली, आणि २००३ मध्ये तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टाईप करून घेतली. एका वहीला एक फ्लॉपी. वास्तविक तिन्ही वह्या एकाच फ्लॉपीत मावल्या असत्या. पण टाईप करणाऱ्या मुलाने तीन मागितल्या, दादांनी तीन आणल्या. ह्या उधळपट्टीबद्दल मी त्या अनोळखी मुलाचा जन्मभर ऋणी आहे, का ते पुढे येईलच. आजोबा २००६ मध्ये गेले. मूळ वह्यांपैकी एक पावसात भिजली आणि दोन वाळवीने खाल्ल्या. प्रिंट काढायचं राहून गेलं होतं. म्हणजे अख्खी कथा आता ह्या तीन काळ्या चौकोनांत.

आता आजच्या लॅपटॉपला फ्लॉपी कुठून घालणार? सोनी कंपनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्येच बंद केली. सरकारी कामात फ्लॉपी मागणारे नियम जपानने २०२४ मध्ये काढून टाकले तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. आपल्या कॉलेजात मात्र नियमांच्या आधी डेडस्टॉक असतो! लॅबमधल्या काकांनी डेडस्टॉकच्या खोलीतून एक पेंटियम फोर काढून दिला, त्यात फ्लॉपी ड्राईव्ह जिवंत. "रजिस्टरला नोंद आहे, हलवायचा नाही, इथेच बसून काय ते कर," एवढी एकच अट. तीन शनिवार मी तिथे स्टुलावर बसून काढले. काकांनी चहा पाजला, हेही नमूद करतो.

पहिलं काम फ्लॉपीच्या कोपऱ्यातली ती छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं करणं. भोक उघडं म्हणजे फ्लॉपी फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. दुसरं काम साफसफाई. शटर सरकवून पाहिलं तर तपकिरी चकतीवर पांढरट ठिपके. आमच्या पावसाची बुरशी. आयसोप्रोपाईल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, मागचा धातूचा गोल हळूहळू फिरवत पुसलं, वाळू दिलं. मग एक नंबर घातली. तो घर्रर्र आवाज... तिशीच्या वरच्या सरांना विचारा, ते नक्की नक्कल करून दाखवतील.

एक नंबर उघडली. दोन नंबर घातली तर विंडोजचा तो प्रसिद्ध निरोप, की ए ड्राईव्हमधली डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करायची का? खाली हो आणि नाही. विचारण्याची पद्धत अशी, की जणू आपलं भलंच चाललंय. किती लोकांनी तिथे 'हो' दाबून आपली हस्तलिखितं, हिशेब, प्रोजेक्ट रिपोर्ट पाण्यात घातले असतील कोण जाणे. खरं तर मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याने सातबारा पाहिला, तो वाचता आला नाही, म्हणून जमीनच नाही असा शेरा मारला.

हा सातबारा फ्लॉपीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. सेक्टर शून्य, उर्फ बूट सेक्टर, ५१२ बाइट. नाव बूट सेक्टर असल्यामुळे आपल्याला वाटतं की फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं असेल तरच त्याचा उपयोग. ते निम्मं खरं. त्यात मशीन सुरू करण्याचा छोटा प्रोग्रॅम असतोच, पण त्याच्याही आधी डिस्कची मोजणी लिहिलेली असते. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत, १९८१ मध्ये, ही मोजणी तिथे नव्हती. डिस्कचे प्रकारच इतके कमी की फाईल टेबलच्या पहिल्या बाइटवरून कोणती डिस्क ते ओळखायचं, आणि बाकीचे आकडे डॉसला पाठ. प्रकार वाढत चालले तसं पाठांतर पुरेना, म्हणून १९८३ च्या डॉस २.० पासून मोजणी डिस्कवरच लिहायला लागले. प्रत्येक डिस्कने आपला सातबारा आपल्या खिशात घेऊन फिरायचं.

मी एक नंबरचा सेक्टर शून्य हेक्स एडिटरमध्ये उघडला. पहिले तीन बाइट ईबी ३सी ९०. ही प्रोसेसरला सूचना, की पुढची माहिती ओलांडून थेट ६२ व्या बाइटवर उडी मार. कारण पुढची माहिती वाचायची आहे, चालवायची नाही. प्रोसेसरला तेवढा फरक कळत नाही, तो बिचारा दिसेल ते चालवायला लागतो.

मग आठ अक्षरं, ज्या सॉफ्टवेअरने डिस्क फॉरमॅट केली त्याचं नाव. तिथे पाच अगम्य चिन्हं आणि शेवटी आय, एच, सी अशी तीन अक्षरं होती. हे काय? तर विंडोज ९५ आणि ९८ ला एक खोड होती. फ्लॉपीची खिट्टी लिहिण्यासाठी मोकळी असेल, तर ती घातल्याबरोबर विंडोज ह्या जागी स्वतःची खूण करून ठेवायचं, म्हणजे फ्लॉपी बदलली की त्याला कळावं. तुम्ही नुसती फाईल बघायला फ्लॉपी घातलीत तरी तिच्या कपाळावर गोंदण! त्यामुळे त्या क्लासमधल्या मशीनवर ९५ किंवा ९८ होतं, एवढं मला बावीस वर्षांनी खात्रीने सांगता आलं.

अकराव्या बाइटपासून खरी मोजणी. ०० ०२ म्हणजे एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. इथे नवीन माणूस अडखळतो, कारण ०००२ म्हणजे तर नुसते दोन. पण इंटेलचं मशीन धाकटा भाग आधी लिहितं. आपल्याला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा आधी पाच म्हणतो आणि मग वीस. इंग्रजीवाले वीस आधी सांगतात. तेव्हा लिटल एन्डियन म्हणजे काय असं व्हायवाला विचारलं तर बिनधास्त सांगा, मराठी आकडे. मार्क मिळतील की नाही ते एक्स्टर्नलच्या मूडवर.

पुढे ०१, एका क्लस्टरमध्ये एक सेक्टर. मग ०१ ००, सुरुवातीला एक सेक्टर राखीव, म्हणजे हाच. मग ०२, फाईल टेबल म्हणजे फॅटच्या दोन प्रती. ई० ००, मुख्य डिरेक्टरीत २२४ नोंदींची जागा. ४० ०बी, उलटं वाचलं की ०बी४०, म्हणजे २८८०, एवढे एकूण सेक्टर. एफ०, डिस्कचा प्रकार. ०९ ००, एका फॅटला नऊ सेक्टर. १२ ००, एका ट्रॅकवर १८ सेक्टर. ०२ ००, दोन बाजू.

आता क्षेत्रफळ काढा. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, गुणाकार २८८०. गुणिले ५१२ बाइट, उत्तर १४,७४,५६०. ह्यालाच सगळं जग १.४४ एमबी म्हणत आलं, आणि ते कोणत्याच हिशेबाने बसत नाही. हजाराने दोनदा भागलं तर १.४७ येतात, १०२४ ने दोनदा भागलं तर १.४१. एकदा १०२४ ने आणि एकदा हजाराने भागलं, की मगच १.४४. एवढ्या नामांकित कंपन्या, आणि मोजणी अर्धी वारात अर्धी मीटरात!

आणि पोटखराब? बूट सेक्टर १, दोन फॅटचे १८, डिरेक्टरीचे १४ (२२४ नोंदी, प्रत्येकी ३२ बाइट). एकूण ३३ सेक्टर, ह्यात तुमची फाईल पेरता येत नाही. २८८० वजा ३३ म्हणजे २८४७, त्याला ५१२ ने गुणा, १४,५७,६६४. फ्लॉपी फॉरमॅट झाल्यावर 'एवढे बाइट शिल्लक' म्हणून जो आकडा स्क्रीनवर यायचा, तो हाच. कोऱ्या फ्लॉपीत काही नसताना जागा कमी का दिसते, त्याचं उत्तर ह्या पोटखराबात आहे.

एकोणचाळिसाव्या बाइटपासून चार बाइटांचा सीरियल नंबर. मला वाटायचं तो कुठलाही रँडम आकडा असेल. तसं नाही. डॉसची फॉरमॅट कमांड तो घड्याळावरून बनवते. त्याच्या एका अर्ध्या भागात महिना-दिवसाची आणि सेकंदांची बेरीज, दुसऱ्यात सालाची आणि तास-मिनिटांची. बेरीज असल्यामुळे नुसत्या नंबरावरून सगळं सुटत नाही, पण साल माहीत असेल तर वेळ निघते. फाईलवर तारीख ३० ऑक्टोबर २००३. नंबरचा दुसरा भाग १५एफ२. त्यातून २००३, म्हणजे ०७डी३, वजा केले. उरले ०ई१एफ. ०ई म्हणजे १४, १एफ म्हणजे ३१. दुपारचे दोन वाजून एकतीस मिनिटं.

दादांना फोन लावला. म्हटलं, "दादा, तुम्ही ती फ्लॉपी दुपारी अडीचच्या सुमाराला दिली होती का हो टायपिंगला?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "जेवून निघालो होतो. आजोबा बरोबर होते. त्यांना बघायचं होतं कथा पेटीत कशी जाते ते." आजोबा त्या क्लासमध्ये गेले होते हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. स्टुलावर बसून बघत होते म्हणे, आणि पोराने टाईप केलेलं स्क्रीनवर उमटलं तेव्हा, "एवढ्या जोरात बडवतोय, पण सूर कुठे आहे ह्याच्यात?" असं विचारलं होतं. चार बाइटांमधून एवढं निघालं.

असो. दोन नंबरकडे वळू. तिचा सेक्टर शून्य खरोखरच गेला होता, बुरशीचा एक डाग नेमका बाहेरच्या कडेला, आणि पहिला ट्रॅक बाहेरच्या कडेलाच असतो. मी ड्राईव्हमधल्या फ्लॉपीला हातच न लावता डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रत घेतली, १४,७४,५६० बाइटांची एक फाईल. जो सेक्टर वाचता येत नाही तिथे तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि नाहीच जमलं तर जागा रिकामी ठेवून पुढे जातो. अख्ख्या फ्लॉपीत रिकामा राहिला फक्त एक सेक्टर, पहिला. बाकी २८७९ शाबूत! म्हणजे कथा जशीच्या तशी बसलेली, नुसता कागद नाही म्हणून मशीन म्हणतंय की नांगरून टाकू का?

तलाठ्याकडे कागद नसेल तर पंचनामा करावा लागतो. तसाच इथे केला. सेक्टर १ ची सुरुवात एफ० एफएफ एफएफ. ही फॅटची खूण, आणि एफ० म्हणजे डिस्कचा प्रकार इथेही लिहिलेला असतो, डॉसच्या जुन्या पद्धतीची आठवण. सेक्टर १० ची सुरुवातही एफ० एफएफ एफएफ. दहा वजा एक, नऊ. म्हणजे एका फॅटला नऊ सेक्टर आणि फॅट दोन. सेक्टर १९ वर फाईलचं नाव दिसतंय, म्हणजे डिरेक्टरी तिथून. आजूबाजूच्या खुणांवरून हद्द बरोबर जुळली, ही एक नंबरसारखीच १.४४ वाली. मग एक नंबरच्या सेक्टर शून्यातले पहिले ६२ बाइट उचलून दोन नंबरच्या प्रतीत बसवले, शेवटच्या दोन बाइटांत ५५ एए ही ठरलेली सही टाकली, आणि ती प्रत माउंट केली. उघडली! एकाच मापाच्या सगळ्या फ्लॉप्यांचे सातबारे नाव आणि सीरियल नंबर सोडले तर सारखेच असतात, त्याचा हा फायदा. मी मोठ्याने ओरडलो तेव्हा काकांना वाटलं शॉक बसला.

इथे एक आडवळण घेतो, कारण ह्या ५१२ बाइटांशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. मशीन सुरू होताना ड्राईव्हमध्ये फ्लॉपी राहिली असेल तर हा सेक्टर आपोआप चालतो. म्हणजे चोराला दरवाजा उघडाच. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या भावांनी बनवलेला ब्रेन व्हायरस इथेच राहायचा, आणि त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. १९९० मध्ये भारतात सापडला तो जोशी व्हायरस. हा ५ जानेवारीला मशीन अडवून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाईप केल्याशिवाय सोडायचा नाही. हा जोशी कोण, हे व्हायरसमध्ये लिहिलेलं नाही. तुमच्या विंगमध्ये कुणी जोशी असेल तर पाच जानेवारीला जरा सांभाळून. पुढे ६ मार्चला उठणाऱ्या मायकेलअँजेलोने १९९२ मध्ये जगभर घबराट केली, आणि त्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे शिकत असलेले धाकटे भाऊ संजय ह्यांनी असल्या व्हायरसवर उतारे लिहायला सुरुवात केली. त्यातून क्विक हील उभं राहिलं. कैलास काटकर दहावीनंतर शिकले नाहीत, हे एटीकेटीवाल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही, पण रेक्टरसमोर दाखला म्हणून वापरू नये.

तीन नंबर सगळ्यात आजारी. हिचा बूट सेक्टर ठणठणीत, पण पहिल्या फॅटचा तिसरा सेक्टर वाचेना. फॅट म्हणजे फाईलचा कोणता तुकडा कुठल्या सेक्टरमध्ये आहे त्याची साखळी. एक कडी गेली की पुढचं सगळं हवेत. पण बूट सेक्टरमधला तो ०२ आठवतो ना? दुसरी प्रत बरोबर नऊ सेक्टर पुढे होती, आणि ती वाचता आली. तिथून उचलून इथे ठेवली. तो एक बाइट ज्याने ठरवला त्याला माझा नमस्कार. एवढं करूनही खुद्द फाईलचे सलग दोन सेक्टर काही केल्या आले नाहीत. तीन शनिवारांत, ड्राईव्हचं हेड पुसून, फ्लॉपी पुन्हा साफ करून, कितीतरी वेळा प्रयत्न केला. १०२४ बाइट गेले ते गेलेच. तिन्ही वह्या एकाच फ्लॉपीत असत्या आणि ती अशी आजारी पडली असती, तर काय झालं असतं ह्याचा विचारही नको.

फाईल निघाल्या, पण काम संपलं नव्हतं. वर्डमध्ये उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, जणू कुणी कीबोर्डवर मांजर सोडलं. २००३ मध्ये आपल्याकडे युनिकोड फारसं कुणी वापरत नव्हतं. मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र. फाँट असेल तर 'कनसरी', नसेल तर कचरा. पण वर्डच्या फाईलमध्ये फाँटचं नाव लिहिलेलं असतं, तिथे शिवाजी सापडलं. म्हणजे पुन्हा तेच! मजकूर जागेवर, तो कसा वाचायचा हे सांगणारी एक ओळ हवी. मग कोणत्या चिन्हाला कोणतं अक्षर, असा तक्ता करून युनिकोडमध्ये आणलं. ह्या जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते, रफाराचंही असंच काही, त्यामुळे नुसतं बदलून भागत नाही, उचलून पुढेमागे ठेवावं लागतं. त्यात आमच्या बोलीतले शब्द, जे कुठल्या स्पेलचेकरला माहीत नाहीत. हे काम दादांनी केलं. मी पानं पाठवायचो, ते मोबाईलवर मोठी अक्षरं करून वाचायचे आणि रात्री फोनवर दुरुस्त्या सांगायचे. मेसच्या रांगेत उभं राहून मी बोलीतले शब्द जोरजोरात म्हणून दाखवत होतो, त्यावरून विंगमध्ये माझं काय नाव पडलंय ते इथे छापता येणार नाही.

राहिला तो १०२४ बाइटांचा खड्डा. जुन्या फाँटच्या हिशेबाने पानाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा मजकूर. नेमका कथेच्या शेवटाकडे, कनसरी रुसून जाते आणि तिला परत आणायला निघतात तिथे. ती निघाली एवढं आहे, आणि मग एकदम ती घरात आलेली आहे. मधलं नाही.

दादांची एक चुलत आत्या अजून आहे, ऐंशीच्या पुढची. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिला थाळी येत नाही, पण ऐकलेलं आहे. तिने सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मला वाटलं झालं, खड्डा बुजला. घरी येऊन मी ते टाईप करून मधोमध बसवलं आणि दादांना वाचायला दिलं.

दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे तिचं आहे. आजोबा असं नव्हते सांगत."

"मग ते कसं सांगायचे?"

"ते मला नीट आठवत असतं तर फ्लॉपी कशाला लागली असती?"

थोडी वादावादी झाली. माझं म्हणणं, वाचणाऱ्याला सलग कथा मिळाली पाहिजे. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याच्या गटात नांगर घालू नये. शेवटी असं ठरलं, की आजोबांच्या कथेत तेवढी जागा कोरी सोडायची, तिथे 'येथील मजकूर वाचता आला नाही' एवढंच लिहायचं, आणि आत्यांनी सांगितलेलं शेवटी वेगळ्या पानावर, त्यांच्या नावाने. तिन्ही फ्लॉप्यांच्या प्रती आता दोन पेनड्राईव्हवर आणि माझ्या ईमेलमध्ये आहेत. शिवाय दादांच्या आग्रहाखातर दोन प्रिंट काढून घरी दिल्यात, त्यातली एक आत्यांकडे. त्यांना वाचता येत नाही. पण नातीकडून रोज थोडं थोडं वाचून घेतात, आणि चुकलं तिथे तिला थांबवतात, असं दादा परवाच फोनवर सांगत होते.